कसाऱ्यापर्यंत

पौर्णिमाने कुणालीच्या बांगड्या काढून रुमालात बांधल्या, गाठ सोडून पाहिली आणि पुन्हा बांधली.

"आई, तू हात नाय ना सोडणार?"

"नाय गो. किती वेळा सांगू?"

सहा वर्षांच्या कुणालीचं पोट चार महिने दुखत होतं. आठ-आठ दिवस शौचाला होत नव्हतं. आज खालून नळीने पांढरं औषध आतड्यात सोडून एक्स-रे काढायचे होते. महेंद्र दाराशी उभा होता. वाशिंदला कारखान्यात कामाला, सुट्टीपुरता धसईला घरी येणारा बाप. पोर त्याच्या ताटात जेवायलासुद्धा बसायची नाही.

शहापूरच्या त्या एक्स-रे सेंटरमधली सिस्टर शिशाचा जड एप्रन घेऊन आली.

"एकानेच आत यायचं. तिला शौचाला लागल्यासारखं होईल, पण फोटो होईपर्यंत रोखून धरायचं. सुटलं तर सगळं पहिल्यापासून."

पौर्णिमाने हात पुढे केले.

"दिवस नाहीत ना गेलेले? असतील तर आत नको. पोटातल्या बाळाला ही किरणं वाईट."

हात तसेच राहिले. मग तिने एप्रन घेतला आणि महेंद्रकडे न पाहता त्याच्या हातात दिला.

"तुमी जा."

"अगं, ती माझ्याजवळ..." तो थांबला. "कधी?"

"मागल्या वेळी लवकर सांगितलं नि राहिलं नाय. म्हटलं, तिसरा महिना सरू दे."

"आई!" कुणाली ओरडली. दार लागलं.

पौर्णिमा बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. आतून किंकाळी आली. "नको! आता येतंय!"

मग महेंद्रचा अडखळता आवाज. "हे बघ, आपण लोकलमधे बसलोय. वाशिंद सुटलं. लोकलमधे संडास नसतो, कसाऱ्यालाच उतरायचं. हं, आसनगाव आलं."

रडणं हुंदक्यांवर आलं.

"आटगाव."

"मग?"

"खर्डी. आता मधे एकच स्टेशन."

पौर्णिमा दाराला टेकली. खर्डीनंतर बराच वेळ काही ऐकू येईना.

"बाबा, सिग्नल नाय का?"

"पडेल. धर घट्ट."

"झालं, सोडा तिला," सिस्टर म्हणाली.

"कसारा!" बापाच्याही आधी कुणाली ओरडली.

"दोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका. पाणी भरपूर पाजा," सिस्टरने बाहेर येऊन सांगितलं. तिच्यामागून बापाचा अंगठा धरून कुणाली आली.

"तू का नाय आलीस?"

महेंद्रने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"मलाच जायचं होतं," तो म्हणाला. "आईशी भांडून आत गेलो."

पौर्णिमाने रुमालाची गाठ सोडली. कुणालीने बांगड्या उचलल्या आणि मनगट बापापुढे धरलं.