चौथा नियम आणि एकोणीस घरं

नव्याने येणाऱ्यांसाठी सूचना.
१. आपलं नाव नोंदवा.
२. नकाशावर घराची खूण टाका.
३. त्या घरात कोण राहायचं ते लिहा.
४.

इथेच घोडं अडलं होतं. दहीबाने तिसऱ्यांदा चौथी ओळ पुसली.

नकाशा इजिप्तच्या दक्षिणेतल्या, त्यांच्या नूबी लोकांच्या गावाचा. इंटरनेटवर, सगळ्यांनी मिळून भरायचा. आधी त्यात फक्त धरणानंतर वसवलेलं नवं गाव होतं. पाण्याखालचं जुनं गाव यंदा जोडलं. शाझलीकाकांनी आठवडाभर तिच्या ओसरीत बसून, बोटाने जुन्या गावातली एकोणीस घरं दाखवली. घरांची ती ओळ आता त्यांच्याशिवाय इथे कुणालाच आठवत नव्हती. आज सकाळी एकोणीसही गायब. कारण जुना चौथा नियम:

४. पाण्यात पडलेली खूण चुकीची समजून आपोआप पुसली जाईल.

हा नियम लिहिणारा गाढव कोण? तीच. गेल्या वर्षी कैरोतली पोरं बोट घसरून नाईलच्या मधोमध घरं बांधत होती, म्हणून.

"एकदा सरकारने बुडवलं," काका म्हणाले. "आता तू."

"काका, नियम बदलते ना. परत टाकू."

"तू टाक. शहात्तराव्या वर्षी तेच घर दुसऱ्यांदा सोडायची ताकद नाही माझ्यात."

दुधाचा चहा अर्धा टाकून ते उठून गेले.

४. पाण्यातली खूणही चालेल.

लगेच कैरोहून हातेमचा फोन. नव्या नोंदी तोच तपासायचा.

"बाई, मग घसरलेली बोटंही चालतील! खरं काय ते मी कसं ओळखू? पुरावा माग."

"कसला पुरावा? तळाशी जाऊन फोटो काढू?"

"चिडतेस कशाला?"

"चिडू नको तर काय करू? तुमच्याकडे घराला नंबर असतो. आमच्याकडे..."

ती थांबली. काकांनी आठवडाभरात एकदाही नंबर सांगितला नव्हता. प्रत्येक घर 'दाऊदच्या वरच्या अंगाला, खलीलच्या खालच्या.' वरचं-खालचं नदीच्या ओघाप्रमाणे.

४. पाण्याखालचं घर असेल तर वरच्या आणि खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांची नावं लिहा. कुणाला पटलं नाही तर त्याने तसं लिहावं. भांडण मिटेपर्यंत खूण पुसू नये.

"भांडण मिटेपर्यंत?" हातेम ओरडला. "म्हणजे कधीच नाही!"

"ठेव फोन."

पुसलेली घरं तिने परत आणली, काकांच्या तोंडची नावं घालून. विसाव्या घरापासून पुढची, काकांनी अजून न सांगितलेली ओळ म्हणजे नुसतं निळं पाणी. चार दिवस निरोपांवर निरोप धाडले. काका फिरकले नाहीत.

पाचव्या दिवशी अलेक्झांड्रियाहून कुणी ओशा नावाची बाई नकाशावर आली. नव्यानेच. आणि चक्क सूचना वाचून आलेली! तिने लिहिलं होतं: 'शाझलीचं घर चुकलंय. त्याच्या वरच्या अंगाला आम्ही. मधे हसनचं घर नव्हतंच.'

दहीबा फोन घेऊन तडक काकांच्या दारात गेली आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

काका ताडकन उठून उभे राहिले. मग, "नव्हतंच? अगं, हसनच्या भिंतीवरून हिची शेळी आमच्या अंगणात उडी मारायची! लिही!"

"काय लिहू?"

"आधी शेळी लिही."

"काका, शेळीसाठी जागाच नाही त्यात."

"मग कर! आणि पुढचं घर घे, विसावं. तिला काय माहीत आहे!"

दहीबाने कपाळावर हात मारला. मग सूचनांचं पान पुन्हा उघडलं.

५.