तळघरातलं बदक

इंटरनेट यायच्या आधीची गोष्ट. आमच्या तळघरात एक संगणक, त्याला एक फोनलाइन आणि त्यावर ड्वेनचा बोर्ड. आसपासचे लोक घरच्या संगणकावरून तिथे फोन लावायचे, एकमेकांचे निरोप वाचायचे, उत्तरं ठेवायचे आणि पुढच्यासाठी लाइन सोडायचे. ड्वेन म्हणजे माझा नवरा. बोर्डाचा राजा तो, आणि या राजाला कधी स्वस्थ बसवत नाही.

त्या हिवाळ्यात त्याने निरोप वाचायचा पडदाच नव्याने रचायला घेतला. वर आपल्या तळ्यावरचा लून नावाचा पाणपक्षी, अक्षरं आणि ठिपके जुळवून काढलेला. मध्ये निरोप. खाली उजळणारी पट्टी: पुन्हा, पुढे, उत्तर, बाहेर. बाणाची कळ दाबून पट्टी हव्या त्या शब्दावर सरकवायची आणि मग एंटर. पूर्वी नुसतं एंटर दाबलं की पुढचा निरोप यायचा. ती गावठी पद्धत त्याने मोडीत काढली.

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

"बदक छान जमलंय."

"मार्डेल, लून आहे तो!"

"असेल बाबा. मला तरी बदकच दिसतं."

सगळ्यांनी वाहवा केली. लॉर्ना ट्वेट तेवढी गप्प. ही रोज यायची आणि दोन-तीन शब्दांत असं काही बोलून जायची की वाचणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. शब्दांना पैसे पडतात का गं, असं सगळे तिला चिडवायचे, मीसुद्धा. आता ती पहिल्याच निरोपावर थांबायची आणि प्रत्येकाला ठरवून दिलेला वेळ संपून लाइन तुटेपर्यंत तिथेच असायची. मग यायचीच बंद झाली.

"रुसली असेल," ड्वेन म्हणाला.

"का? तुझं बदक चावलं तिला?"

तिला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्या घरी फोन लावला. तिची आई आर्डिस बोलली. "शनिवारी दुपारी या तुम्ही दोघं. कॉफी टाकते. असं फोनवर नाही सांगता यायचं."

लॉर्ना खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होती. आजारात हातपाय गेले होते, वाचाही गेली होती. गालाशी एक बटण लावलेलं. संगणकाच्या पडद्यावर अक्षरांची रांग आणि तिच्यावरून सावकाश सरकणारा उजेड. हवं ते अक्षर उजळलं की ती गालाने बटण दाबायची. हुकलं, तर उजेड पुन्हा फिरून येईपर्यंत थांबायचं. रांगेच्या टोकाला एंटर होतं. बाण नव्हते.

म्हणजे ती एंटर दाबायची, आणि ड्वेनची पट्टी उभी असायची 'पुन्हा'वर. तोच निरोप, परत तोच निरोप. ड्वेन खाली मान घालून बसला.

तिने आमच्यासाठी लिहिलं, "या, बसा." तेवढं उमटेपर्यंत आर्डिस स्वयंपाकघरातून केक कापून घेऊन आली.

तेव्हा मला तिचा तो निरोप आठवला. माझी आई नोव्हेंबरात गेली तेव्हा बाकीच्यांनी एकेक ओळ लिहिली होती. लॉर्नाने पानभर लिहिलं होतं. आईच्या हातच्या लोणच्यापासून तिच्या भांडखोरपणापर्यंत मी कधीकाळी जे जे बोर्डावर बोलले होते, ते सगळं त्यात होतं. पण आलं नाताळात, आणि एवढ्या उशिरा आठवण झाली म्हणून मी कुरकुरले होते.

"ते होय?" आर्डिस म्हणाली. "थँक्सगिव्हिंगच्या आधी, नोव्हेंबरातच घेतलं होतं लिहायला. म्हटलं, बाई, थोडक्यात आटप. ऐकेल तर शपथ!"

मी लॉर्नाकडे पाहिलं. ती मिश्कील हसत होती. एवढं मोठं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

घरी आल्या आल्या ड्वेनने सगळं काढून टाकलं: पट्टी, रंग, पक्षी. एंटर दाबलं की पुढचा निरोप. वेळेची मर्यादाही काढली. मग कळफलकावर स्वतःचा गाल टेकवून त्याने सगळं तपासलं. मी हसले नाही.

लॉर्ना दुसऱ्याच दिवशी आली. साठलेले निरोप एकामागून एक वाचत सुटली. मग लिहायला लागली. एरवी ती घरी लिहून ठेवलेलं एकदम पाठवायची. आज थेट लिहीत होती, आणि एकेक अक्षर आमच्या पडद्यावर उमटत होतं. बाकीच्यांना फोन एंगेज लागत असणार. लागू दे म्हटलं. आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहून वाचत होतो.

"बदक कुठे गेलं? परत आण."

"लून आहे तो," ड्वेन पुटपुटला, आणि डोळे पुसून चित्र परत लावायला बसला.