दिवसा झोपणारा बाप

धारमध्ये भेटेल तो सांगतो, योगेंद्र भिया, नोकरी सोडली ते लाख मोलाचं केलं. काय डोंबल लाख मोलाचं. ज्यांच्या घरात पोरं दिवसभर बोंबलतात त्यांचं सांगायला काय जातं.

माझी पोरगी किमया जन्मली त्याच वर्षी पिथमपूरच्या कारखान्यात मला रात्रपाळीचा इन्चार्ज केलं. पगार वाढला, गाडी आली. रात्रभर मशीनचा खडखडाट ऐकून सकाळी घरी यायचो तेव्हा डोकं ठणकत असायचं. झोपेत नुसती वाटी पडली तरी मी घर डोक्यावर घ्यायचो. मग अल्पनाने, माझ्या बायकोने, घराला वळण लावलं. मी घरात असलो की टीव्ही बंद, कुकर बंद, बोलणं खुणेनं. पोरगी रांगत होती तेव्हापासून तिला एकच शिकवलं, चुप, पापा सो रहे हैं.

या हिवाळ्यात छातीत कळ आली आणि मशीनपाशीच कोसळलो. इंदूरच्या डॉक्टरने आडपडदा ठेवला नाही. हृदय निम्म्याहून जास्त गेलंय, म्हणाला, आता जागरणं केलीत तर पोरीचं लग्न काही बघत नाही तुम्ही. अहो, लग्न कसलं, मी तिचं बालपणसुद्धा बघितलं नाही. राजीनामा दिला. मॅनेजर पगार वाढवतो म्हणाला, तरी ऐकलं नाही. जेवढे दिवस उरलेत तेवढे मला पोरीजवळ बसायचं होतं.

बसलो. मी खोलीत आलो की ती चवड्यांवर चालायची. शाळेत काय झालं विचारलं की "ठीक आहे." कॅरम मांडला तर स्ट्रायकर इतका हळू सरकवायची की तो सोंगटीपर्यंत पोचायचाच नाही. "अगं, मार की जोरात," मी वैतागून म्हणालो. तिचे डोळे भरले.

"सवय आहे तिला, जाईल हळूहळू," अल्पना म्हणाली. कुठली जातेय.

उन्हाळ्यात दोघी देवासला, अल्पनाच्या माहेरी गेल्या. मी न कळवता आणायला गेलो. जिन्यातच गच्चीवरून एक आवाज कानावर आला, खणखणीत, भांडखोर. "आउट है तू, झूठे, सौ बार आउट." वाटलं, शेजारची कुणी आगाऊ कार्टी असेल. वर पाहतो तो किमया, केस सुटलेले, मामाच्या पोराची कॉलर धरून तावातावाने भांडतेय. पोटच्या पोरीचा आवाज मला ओळखू आला नव्हता. लाज वाटली, पण आनंद इतका झाला की कठडा धरून उभा राहिलो. तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि कॉलर सोडली. "शूऽ," ती भावंडांना म्हणाली, "पापा आ गए." सगळी गच्ची चिडीचूप झाली.

धारला परतल्यावर मी तिला जवळ घेतलं. "बेटा, मी आता दिवसा झोपत नाही. तू ओरड, भांड, माझ्याशीसुद्धा भांड. मला आवडेल." तिने मान डोलावली. "एकदा ओरडून दाखव बरं." तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. ती माझ्या छातीकडे बघत राहिली.

"पापा, दर्द हो रहा है?"

मी नाही म्हणालो. तिला ते खरं वाटलं नाही. तिने उठून पडदे ओढले, मला हाताला धरून पलंगावर निजवलं आणि दार लोटून बाहेर जाऊन बसली.

थोड्या वेळाने गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा सुरू झाला. किमया गॅलरीत धावली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "भैया, बंद करो, मेरे पापा सो रहे हैं."

भोंगा बंद झाला. भर दुपार होती, मला झोप नव्हती. पण आता उठलो असतो तर पोर घाबरली असती, आपणच पापांना जागं केलं म्हणून. मी डोळे मिटून पडून राहिलो, आणि दाराबाहेर माझी मुलगी श्वाससुद्धा जपून घेत बसून राहिली.