चाळीस ग्रॅमचा तोल

मी एक जुने चाक आहे. तुम्ही मला घंटा म्हणता, आणि मित्रांनो, त्यात तुमची काही चूक नाही. तुमच्या हिंजवडीच्या शाळेच्या व्हरांड्यात मी साखळीने टांगलेला असतो. मैनामावशी रोज सकाळी लोखंडी गज घेऊन येतात, मला बडवतात आणि तुम्ही धावत रांगेत उभे राहता. माझ्यावर आता टायर नाही, रंग उडाला आहे, एका बाजूची कड आत चेपली आहे. माराचे मला काही वाटत नाही. माझा जन्मच मारातून झाला.

भोसरीच्या एका कारखान्यात मी पोलादाचा सपाट पत्रा होतो. एका यंत्राने वरून असा दणका दिला की क्षणात माझी परात झाली. दुसऱ्याने चार भोके पाडली. तिसऱ्याने ठिणग्यांचा भडिमार करत माझी कड जोडली. ओरडायला तोंड नव्हते म्हणून बरे. मग टायर चढवून मला एका यंत्रावर गरगर फिरवले. तिथे भीमराव नावाचे चष्मेवाले कामगार होते. त्यांनी माझी जड बाजू शोधली आणि तिच्या समोरच्या कडेवर बोटाच्या पेराएवढे शिशाचे वजन हातोडीने अलगद ठोकून बसवले. शेजारच्याला म्हणाले, "चाळीस ग्रॅम. कुठलंच चाक जन्मतः तोलात नसतं, बाबा. प्रत्येकाला थोडं थोडं लावावं लागतं." आयुष्यात मला मायेचा असा तो एकच फटका मिळाला.

एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला मी लागलो. गाडी घेतली हिंजवडीच्या रावसाहेबांनी. तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या गावात नुकत्याच येत होत्या. रावसाहेबांची ज्वारी जिथे उभी राहायची तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि बैलांच्या गोठ्यात गाडी आली. रावसाहेब तरुणपणी पैलवान होते. बांधाच्या भांडणात त्यांनी दोघांची डोकी फोडली होती, आणि ती गोष्ट ते पाहुण्यांना चहाबरोबर वाढत. जमीन गेली, बांध गेला, हाताची खुमखुमी तेवढी शिल्लक राहिली.

गाडीची पूजा झाली. त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी बॉनेटवर स्वस्तिक काढले, मला हळदकुंकू लावले, चाकांखाली लिंबे ठेवली. नारळ फोडायला कुणीतरी दगड पुढे केला.

"दगड कशाला?" रावसाहेब म्हणाले. "गाडीचा नारळ गाडीवरच फुटला पायजे."

आणि हात मागे नेऊन त्यांनी नारळ माझ्या कडेवर हाणला. पहिल्या घावात तो फुटला नाही. भावकी हसली. पैलवानाला हसल्यावर काय होणार? दुसरा घाव असा आला की नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या, पाणी माझ्या अंगभर झाले, आणि कडेवरचे ते वजन टणकन उडून गटाराकडे गेले. एका कोंबडीने त्याला चोच मारून पाहिली आणि सोडून दिले. माणसांपैकी कुणाच्याच लक्षात आले नाही. सगळे खोबरे वेचत होते.

त्या दिवसापासून माझा तोल गेला. पन्नासपर्यंत मी शहाण्यासारखा चालायचो. काटा सत्तरला पोहोचला की माझी जड बाजू मला ओढू लागे, मी उड्या मारू लागायचो, आणि रावसाहेबांच्या मुलाच्या, सुदर्शनच्या हातातले स्टिअरिंग हुडहुडी भरल्यासारखे थरथरे.

बापलेक शोरूममध्ये गेले. तिथला इंजिनियर म्हणाला, चाके खोलून बघतो, तासाभराचे काम आहे. रावसाहेबांचे डोके फिरले. नव्या गाडीला एकदा पाना लागला की ती जुनी झाली, असा त्यांचा पक्का समज होता.

"पाना लावायचा न्हाय. गाडी बदलून द्या."

नाही म्हणताच त्यांनी खुर्ची उचलली आणि काचेच्या भिंतीत घातली. इंजिनियरच्या कपाळातून रक्ताची धार लागली. मॅनेजर शहरातले मुरलेले गृहस्थ होते. खांद्यावरचा चुरा झटकत ते म्हणाले, "आपण काच फोडलीत, उत्तम केलंत. गाडी मात्र अजून थरथरतेच आहे."

घरी यमुनाबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून गाडीची दृष्ट काढली. रावसाहेब येता-जाता मला लाथ घालू लागले. माझा दोष नव्हता असे मी म्हणणार नाही, थरथरत तर मीच होतो. पण का थरथरतोस, असे लाथ कधी विचारत नाही.

वाकड फाट्यावर साईनाथचे पंक्चरचे दुकान होते. नांदेडकडून पोटासाठी आलेला, मोजके बोलणारा माणूस. सुदर्शन वडिलांना न सांगता गाडी तिकडे घेऊन गेला. "काय बी कर, पण ही थरथर घालव," म्हणाला. साईनाथने माझ्या कडेवरून सावकाश बोट फिरवले आणि एका जागी थांबला.

"इथं वजन होतं, मालक. ओरखडा आहे बघा. पडलंय कुठंतरी. चाक खोलून तोलात आणून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे."

मला वाटले, सुटलो. त्याने पहिला नट सैल केला, तेवढ्यात रावसाहेब मोटारसायकलवरून उतरले. त्यांना फक्त पाना दिसला.

"माझ्या गाडीला पाना कुणाला इचारून लावला?"

साईनाथने सुदर्शनकडे पाहिले. सुदर्शनने जमिनीकडे पाहिले. "आबा, मी न्हाय सांगितलं," तो म्हणाला.

साईनाथचा उजवा हात माझ्यावर टेकलेला होता. रावसाहेबांनी पाना हिसकावला आणि त्या मनगटावर घातला. मग पुन्हा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला आहे, मित्रांनो. वाळलेली काटकी मोडते तसा येतो. साईनाथ हात पोटाशी धरून भिंतीला टेकून बसला. "पोराला हळू चालवायला सांगा," एवढेच म्हणाला. रावसाहेबांनी सैल झालेला नट त्याच पान्याने स्वतः आवळला आणि मला घरी आणले. सुदर्शन त्या दिवशी जेवला नाही, पण खरे काय ते त्याने तेव्हाही सांगितले नाही.

पुढे त्याला एक शोध लागला. काटा शंभराच्या वर गेला की माझी थरथर विरायची. त्याने वडिलांना सांगितले. रावसाहेब खूश झाले. "म्हंजे घोडं जातिवंत हाय. हळू चालवून त्याचा अपमान करत व्हतो आपण. दौडव." साईनाथचे शब्द त्यांना आठवलेही नाहीत.

दिवाळीच्या आधी सुदर्शन एकटाच हडपसरला निघाला, सासरी असलेल्या बहिणीला, उत्कर्षाला, सणासाठी आणायला. चांदणी चौक मागे पडला, बायपास मोकळा मिळाला. काटा एकशे दहावर होता आणि मी शांत होतो. इतका शांत की मीही फसलो. पुढे वाळूचा ट्रक अचानक आडवा आला. सुदर्शनने ब्रेक दाबला. पण शंभराच्या वरून खाली येताना वाटेत सत्तर लागतेच, ते चुकवता येत नाही. मी पिसाळल्यासारखा उसळू लागलो. उड्या मारून मारून माझा टायर एका अंगाने कागदासारखा झिजला होता, तो फुटला. स्टिअरिंग त्याच्या हातातून निसटले. गाडी ट्रकखाली घुसली, पत्रा चिरत गेला, काचा त्याच्या तोंडावर आल्या, आणि ज्या स्टिअरिंगला मी इतके दिवस हादरवत होतो तेच त्याच्या छातीत शिरले. माझी कड चेपली ती तेव्हा. सुदर्शन बाविसावे संपवून तेविसाव्यात गेला होता. त्याला मी मारले, हे मी कुणापासून लपवत नाही.

तेरावे झाले. रावसाहेबांनी रॉकेलचा डबा भरून ठेवला. शोरूम पेटवायची, माणसांसकट. पण आधी, चाक मुळातच खोटे होते हे कुणाकडून तरी वदवून घ्यायचे होते. मला खांद्यावर टाकून ते साईनाथच्या दुकानात आले.

"सांग. कंपनीचीच खोट हाय ना?"

साईनाथने मला डाव्या हाताने मांडीवर ओढले. रावसाहेबांचे बोट धरून त्याने माझ्या कडेवरून फिरवले आणि त्या ओरखड्यावर टेकवले. तिथे खाचेत काहीतरी अडकले होते. रावसाहेबांनी नखाने ओढून काढले. कुंकवाने लाल झालेला नारळाच्या शेंडीचा एक धागा.

तो धागा त्यांनी तळहातावर ठेवला.

"किती वजन व्हतं?" त्यांनी विचारले.

"चाळीस ग्रॅम असंल, मालक."

रावसाहेबांनी आपला उजवा हात माझ्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने पाना साईनाथपुढे सरकवला. "घाल," म्हणाले. "मोडंस्तोवर घाल."

साईनाथने आपले वाकडे जोडलेले मनगट पुढे केले. "या हातानं आता पाना उचलत नाही, मालक."

तेव्हा तो पैलवान माझ्यावर कपाळ आपटून रडला. मला आजवर पडलेल्या सगळ्या घावांमध्ये तो सर्वांत जड होता.

शोरूम पेटली नाही. रावसाहेबांनी मला तुमच्या शाळेला दिले आणि आपल्या हाताने इथे टांगले. मित्रांनो, जे थरथरते ते काहीतरी सांगत असते, मग ते यंत्र असो की माणूस. हात उचलण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि तुमच्या एका शब्दाने कुणाचा हात वाचणार असेल, तर जमिनीकडे बघू नका.

आणखी एक मागणे आहे. रोज घंटेआधी फाटकातून एक म्हातारे आजोबा येतात, माझ्या कडेवरून बोट फिरवतात आणि एका जागी थांबतात. तुम्ही त्यांना वेडा म्हणून हसता. हसू नका. ते रावसाहेब आहेत, माझे वजन शोधत असतात.