चारशे बारावर थांबलेला फलक

गुरुवारी सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी माझ्या पाठीमागची तार खोबणीतून सुटली. माझ्यावरचे चोवीस आकडे जसे होते तसेच पेटत राहिले. खोलीत कोणाच्याही ते लक्षात आलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना भावफलक आहे. शेअर दलालाच्या कचेरीत, दारासमोरच्या भिंतीवर आठ स्क्रूंनी मला घट्ट आवळलेलं आहे. माझ्या प्रत्येक ओळीत एका कंपनीचं नाव आणि तिच्या शेअरचा भाव. भाव वाढला की आकडा हिरवा, उतरला की लाल. मला मान वळवता येत नाही, हाक मारता येत नाही. जे तारेतून येईल ते दाखवायचं, एवढंच माझं काम.

सतरा वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. दोघी नणंद-भावजया समोरासमोर बसून माझे दिवे वितळलेल्या कथलाचा डाक लावून जोडत. वहिनी फार काटेकोर. एक दिवा तिरका बसला, तरी नणंदेला तो काढून पुन्हा लावायला लावायची. नणंद म्हणायची, “वहिनी, लोक भाव बघणार आहेत, दिवे नाही.” वहिनी पुढच्या तिरक्या दिव्यावर बोट ठेवी.

भिंतीवर चढलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! समोरचे तीन बाक गच्च भरलेले असत. माझ्यावरचे आकडे दाखवता दाखवता मी जगाची रीत शिकलो. कुठे तरी नवं यंत्र निघायचं, आणि त्याच्याशी लांबचं नातं सांगणाऱ्या कंपन्यासुद्धा हिरव्या होऊन मिरवायच्या. दर तीन महिन्यांनी कंपन्यांचे निकाल लागायचे. भरघोस नफा झाला, तरी लोकांनी धरलेल्या अंदाजाहून थोडा कमी भरला की भाव पडायचा. नव्वद गुण मिळवून घरी बोलणी खावीत, तसा प्रकार. आणि कधी एखाद्या दूरच्या सरकारने बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवला, की माल बंदरावर पोचायच्या आतच माझी अर्धी छाती लाल व्हायची. भाव आजच्या मालापेक्षा उद्याच्या अंदाजावर हलतो, हे मला तेव्हा कळलं.

पुढे प्रत्येकाच्या खिशात भाव दाखवणारे फोन आले. बाक ओस पडले. माझ्यावरची धूळ पुसायची आठवण महिन्यातून एकदा होऊ लागली. ज्यांच्याकडे साधे फोन होते, तेवढेच पाच-सहा जण माझ्यापाशी टिकले.

त्यांतले एक टर्नरकाका. पंप बनवणाऱ्या कंपनीत चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातत उभे राहिलेले. निवृत्त होताना कंपनीने त्यांना दोन हजार शेअर दिले होते. कित्येक वर्षं त्या शेअरला कुणी विचारत नव्हतं. मग संगणकांची मोठमोठी दालनं उभी राहू लागली. त्यांची यंत्रं तापतात, ती थंड ठेवायला पाणी खेळवावं लागतं, आणि पाणी खेळवायला पंप लागतात. कंपनीला परदेशातून मोठी मागणी आली, तिमाहीचा नफा दुप्पट झाला, आणि एकशे ऐंशीचा शेअर वर्षभरात चारशेपार गेला.

काकांची लेकही टर्नर. गॅरेजमागच्या शेडमध्ये दुसऱ्याचं मशीन भाड्याने घेऊन काम करायची. एक बंद पडलेला कारखाना संगणकावर चालणारं लेथ आठ लाखांना विकत होता. वाहतूक आणि पाया घालायला तीस हजार वेगळे. मशीनवाल्याने शनिवारी दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. तोवर शेअर विकल्याची पावती दाखवली, तरी त्याला चालणार होतं. पुढे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. म्हणजे काकांना चारशे पंधराचा भाव मिळाला तर सगळंच जमत होतं, आणि चारशेच्या खाली गेला तर मशीनच हातचं जात होतं.

गुरुवारी ते दहालाच आले. या कचेरीची एक पद्धत आहे. काचेच्या खिडकीशी जाऊन सौदा दोनदा बोलायचा, आतल्या ताईने तो लिहून घेऊन परत वाचून दाखवायचा, मगच तो बाजारात जातो. ताई म्हणाली, भाव घसरला तर शेअर आपोआप विकले जातील असा सौदा मी आत्ताच लावून ठेवते, तुम्ही निवांत घरी जा.

काका म्हणाले, “चाळीस वर्षांत दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी कधी लोखंड कातलं नाही गं. मी बसतो इथे. चारशे दहाच्या खाली गेला की उठून येतो.”

“बसा मग,” ताई हसून म्हणाली, “पण डुलकी काढू नका.”

अकरा अठराला माझ्यावर पंप कंपनीचा भाव होता चारशे बारा.

आता मी काळाच का पडलो नाही, ते सांगायला हवं. तार सुटली की माझे सगळे दिवे विझावेत, असं त्या नणंद-भावजयांनी मला घडवलं होतं. पण कचेरीच्या मालकांना ते आवडेना. फलक काळा दिसला की गिऱ्हाईक घाबरतं आणि उठून जातं, असं त्यांचं म्हणणं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी वायरमनला बोलावलं आणि शेवटचा आकडा तसाच पेटता राहील अशी जोडणी माझ्या पोटात करून घेतली. वायरमन कुरकुरला, पण पैसे घेऊन गेला.

अकरा बावीसला बातमी आली. समुद्रापलीकडच्या मोठ्या देशाने परदेशी पंपांवर पस्तीस टक्के कर बसवला होता. मला ते कसं कळलं? समोरच्या काचेआड ताईचा लहान पडदा आहे, तो मला इथून दिसतो. त्यावर पंप कंपनी चारशे चारवर आली. मग तीनशे नव्वद. मग तीनशे अठ्ठ्याहत्तर. माझ्यावर मात्र चारशे बारा, आणि तेही हिरव्या रंगात. वहिनीने इतक्या निगुतीने बसवलेला एकेक दिवा खोटं बोलत होता आणि मला एकही विझवता येत नव्हता.

बाकावरचे निवृत्त पोस्टमन म्हणाले, “आज बाजार जेवायला बसलाय वाटतं, हलेचना.”

“बसू दे,” काका म्हणाले, “उठला की चारशे पंधराला तीनच पावलं टाकायचीत त्याला.”

आत ताईच्या दोन्ही कानांना फोन होते. एकदा तिने काचेतून काकांकडे पाहून भुवया उंचावल्या. काकांनी हात वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली. काकांनी विचार बदलला, शेअर राखून ठेवायचं ठरवलं, असं ती समजली आणि पुढचा फोन घेतला.

अकरा एक्केचाळीसला भाव तीनशे एकोणसत्तरवर टेकला. ही त्या दिवसाची खालची मर्यादा. मित्रांनो, एका दिवसात भाव याहून खाली जाऊ देत नाहीत. ऐकायला बरं वाटतं, पण तिथे पोचल्यावर विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कुणी उरत नाही. दार उघडं असतं, बाहेर मात्र पडता येत नाही.

पाच मिनिटांनी पोस्टमनना जावयाचा फोन आला. ऐकता ऐकता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि जावयाने सांगितलेला पंप कंपनीचा भाव त्यांना सांगितला. काका उठून खिडकीशी गेले.

“काका,” ताई म्हणाली, “मला वाटलं तुम्ही बघताय.”

“बघतच होतो.”

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. काकांनी सौदा दोनदा बोलून दाखवला, दोन हजार, मिळेल त्या भावाला. ताईने तो परत वाचला. सौदा रांगेत जाऊन पडला.

दुपारी वायरमन आला. मालक सगळ्यांना सांगत होते की फलक जुना झालाय, त्याचं काय घेऊन बसलात. काकांनी वायरमनला एकच गोष्ट विचारली, तार निघाली की हा काय दाखवतो. वायरमनने मालकांकडे पाहिलं आणि खरं ते सांगून टाकलं.

काका मालकांना म्हणाले, “मापाचं हत्यार बिघडलं की आम्ही त्याला लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचो. तुम्ही काटाच चिकटवून ठेवलात.”

मालकांनी चहा मागवला. काकांनी घेतला नाही. ताईने कागद काढून काकांना तक्रार लिहून दिली आणि साक्षीदार म्हणून खाली स्वतःची सही केली. मालकांनी तो कागद वाचला, घडी घालून खणात ठेवला आणि वकिलाशी बोलून कळवतो म्हणाले. अजून काही कळवलेलं नाही.

मित्रांनो, यंत्राची निगा म्हणजे नुसतं धूळ पुसणं नव्हे. बिघडलेल्या यंत्राला बिघडलेलं दिसू द्या. मी काळा पडलो असतो, तर टर्नरकाका दोन मिनिटांत खिडकीशी उभे असते. माझी तार आता बसवली आहे, पण ती जोडणी अजून माझ्या पोटातच आहे. ती काढा, एवढंच माझं मागणं आहे.

आज शुक्रवार. दोन्ही देश बोलणी करणार अशी बातमी सकाळी आली, तासाभराने ती खोटी ठरली. पंप कंपनी उघडताच पुन्हा खालच्या मर्यादेला लागली, तीनशे बत्तीसला. काकांच्या दोन हजारांपैकी एकशे चाळीस शेअर विकले गेले, बाकीचे रांगेत आहेत. लेकीने मशीनवाल्याला विचारलंय, शेअर विकले गेले की साडेसहा लाख घेऊन उरलेले हप्त्याने घ्याल का. भावाशी बोलून फोन करतो, म्हणाला.

तीनला ती कचेरीत आली. बापाच्या शेजारी बाकावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “बाबा, घरी चला.”

“बाजार बंद व्हायला वीस मिनिटं आहेत अजून. उद्या तर सुट्टीच.”

आता तीन वाजून अकरा मिनिटं झाली आहेत. रांगेत विकणाऱ्यांचे नऊ लाख शेअर आहेत, घेणारे शून्य. लेकीच्या हातातला फोन वाजतो आहे. मशीनवाल्याचाच आहे. तिने तो अजून उचललेला नाही.