कडी काढलेलं दार

दाराच्या फळीवर चार भोकं, भोवती जुन्या हिरव्या रंगाचा लांबट पट्टा... तिथं कडी होती. न्हाणीत सरुबाईंचा पाय घसरला त्या सकाळी दारात म्हैस घेऊन आलेल्या गुंडू गवळ्यानं खांदा लावून हे बाहेरचं दार मोडलं, म्हणून तर त्या आज पलंगावर बसून ती भोकं बघत होत्या. दार दुरुस्त झालं. कडी काही परत बसली नाही. "पुण्याला यायचं नाही ना? नको येऊस," प्रसेनजीत म्हणाला होता, "पण दार आतनं लावायचं नाही, आई. एकदा जरी लावलंस, तर गाडी घेऊन न्यायलाच येतो." आणि शाळेत पोरांना नजरेनं गार करणाऱ्या बाईंनी गुमान मान हलवली.

आता सकाळ-संध्याकाळ कामाला तानाबाई यायची, अधूनमधून शेजारच्या आक्का. माणसं भली — तोच तर घोळ, भल्यांवर चिडायचं कसं? भाकरी उरली की आक्कांच्या फोनवरून ती पुण्यात कळायची. आज तर साडी बदलताना आक्का पावण्यांना घेऊनच आत. "आता या वयात कसली लाज, बाई?" खोलीत न बघणारे असे फक्त भिंतीवरचे बुद्ध, तेही डोळे मिटलेले म्हणून... जीव वाचवला म्हणे. कुणाचा? जिला येऊ का म्हणून कुणी विचारत नाही, ती मी या घरात राहते, की नुसती ठेवलेली आहे?

संध्याकाळी त्या उठल्या. काठी टेकत दाराशी गेल्या, आणि दोन्ही फळ्यांच्या मुठींतून तीच काठी आडवी सारली. दार बंद! छाती कशी भरून आली... आणि मग ध्यानात आलं, काठीवाचून आता पलंगापर्यंतही जाता येणार नाही. भिंत धरत त्या उंबऱ्याशीच खाली बसल्या, दुधासाठी दाराशी ठेवलेलं रिकामं पातेलं मांडीवर घेऊन.

बाहेर घुंगरं वाजली. गुंडूनं रेडकू सोडलं असणार. त्यानं ढुशी दिली की म्हैस पान्हा सोडते, मग थांबत नाही.

"बाई, भांडं द्या की! पान्हा आटंल!"

दार हललं, अडलं.

"अगं बया, आतनं लावलंय!" तानाबाई किंचाळली. "आक्का, फोन लावा वो पुण्याला!"

'आहे मी' — एवढं म्हटलं तरी आक्का थांबतील. जीभ उचलेना. की उचलायचीच नव्हती? आपल्यासाठी कुणी घाबरलंय, याची एक कडवट गोडी घशाशी आली, आणि तिची त्यांना शिसारीही आली.

मग फटीशी गुंडूचा आवाज, एकदम हळू.

"बाई... येऊ का आत?"

ओठांवर आलेला 'ये' त्यांनी गिळला. पातेलं घट्ट धरलं. आक्कांच्या चपला घराकडं पळाल्या, म्हैस पाय आपटायला लागली... विचार रे गुंडू. अजून एकदा विचार.