माझ्या धारेवरची खाच

मित्रांनो, मला सुरी म्हणू नका, एवढंच आधी सांगते. मी तलवार आहे. आखूड आहे, म्हातारी आहे, फार दमलेली आहे; पण तलवार आहे. आयर्लंडमध्ये जन्मले आणि इथल्याच चिखलात तीन हजार वर्षं पडून राहिले. एवढ्या झोपेनंतरही शीण जात नाही, याचं मलाच नवल वाटतं.

मला पाहणारा प्रत्येक जण विचारतो, इतकी बुटकी का? ऐका तर. माझ्या काळात इथे लोखंड नव्हतं. तांब्यात कथील मिसळून कांसं करायचे आणि ते वितळवून साच्यात ओतायचे. कांशाचं पातं फार लांब केलं, तर घाव बसताच वाकायची भीती. मग लढणाऱ्यानं ते सरळ करत बसायचं की जीव वाचवायचा? लांबून मारायला भाला होताच. भाला मोडला, ढालीला ढाल भिडली, हात मागे घ्यायलाही जागा उरली नाही, की माझी पाळी यायची. त्या गर्दीत लांब पातं अडकतं, आखूड पातं काम करतं. पण त्यासाठी माझ्या धन्याला शत्रूच्या हातभर जवळ जावं लागे. समोरच्याचा श्वास तोंडावर यायचा, डोळ्यांतली भीती दिसायची. हे मी कौतुकानं सांगत नाही. मला ते कधीच आवडलं नाही.

एकदा धन्याच्या धाकट्या भावावर घाव पडत होता, तो धन्यानं माझ्यावर झेलला. भाऊ वाचला आणि माझ्या धारेला खाच पडली. पुढे धनी म्हातारा होऊन गेला. त्या भावानं मला तळ्यावर नेलं, खाचेवरून अंगठा फिरवला आणि पाण्याला अर्पण केलं. माझी शिंगाची मूठ कुजली. तळ्याची दलदल झाली. अंगावर हिरवट काळा थर चढला आणि तोच माझं पांघरूण झाला. धन्याचं नाव आज कुणालाही ठाऊक नाही. तो होता, याची खूण म्हणजे ही खाच.

दोन हजार वीस सालच्या शरद ऋतूत कासलबार गावाजवळच्या एका ओढ्याचा गाळ उपसून काठावर टाकला, त्यात मी वर आले. जगभर साथ होती. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी होती, म्हणून पद्माकर आजोबा आणि त्यांची नात रेवा रोज त्याच वाटेनं फिरत. रेवाला मी दिसले. तिनं मला सुरीच म्हटलं. लहान आहे, मी मनावर घेतलं नाही.

आजोबा त्याआधीच्या हिवाळ्यात नागपूरहून लेकीकडे दोन महिन्यांसाठी आले होते, ते विमानं बंद झाल्यानं अडकले. लेक सुमेधा डॉक्टर. ती इस्पितळात साथीचे रुग्ण बघायची, म्हणून घरात वेगळी जेवायची आणि सगळ्यांशी दारातूनच बोलायची. मी सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, शस्त्रं पुजायचा दिवस. परमुलखात काय पुजावं, या विचारात असलेल्या आजोबांना मी म्हणजे देवच पावला.

त्यांनी मला घरी आणलं आणि सकाळी स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवलं. "पाह्य बरं, कशी हिरवी पडली बिचारी! रेवा, चिंच कुठं आहे?"

"इन द प्रेस, आजोबा," रेवा कपाटाकडे, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसकडे, बोट दाखवत म्हणाली. "बट आर यू नॉट रेकिंग इट?" अशानं ती बिघडेल, असं तिला म्हणायचं होतं.

आजोबांनी चिंच-मीठ घेऊन माझं टोक घासायला सुरुवात केली. त्यांच्याकडे देवाची तांब्या-पितळेची भांडी सणाला अशीच लख्ख करतात. त्यांच्या हातात माया होती, वैर नव्हतं. पण माझं पांघरूण निघत होतं. बोटभर टोक सोन्यासारखं चमकलं आणि आजोबा खुलले. मग त्यांचा अंगठा खाचेवर थांबला. "धारीचा दात पडला बाप्पा. असं शस्त्र पुजत नाहीत," म्हणून त्यांनी जावयाच्या अवजारांतली कानस काढली. मित्रांनो, मी लढायांत इतकी घाबरले नव्हते.

"बाबा, थांबा!"

सुमेधा रात्रपाळी करून आली होती. ती दारातच उभी राहिली. "इथं जुनं काही सापडलं की संग्रहालयाला कळवावं लागतं. घासायचं तर मुळीच नाही."

"काऊन ओरडून राह्यली? सणाच्या दिवशी तुटकी धार ठेवू का?"

सुमेधानं दारातूनच मास्क खाली केला. नाकावर आणि गालांवर लाल वळ उमटले होते. "हे रोज बघता ना तुम्ही? मग ह्यांनाही कानस लावणार का?"

आजोबांनी कानस खाली ठेवली. कितीतरी महिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवता आला नव्हता, आणि आत्ताही येत नव्हता. मग ते म्हणाले, "तुझं ते कानाला लावायचं आण. पुसून आण मात्र."

त्या दिवशी हळदकुंकू स्टेथोस्कोपला लागलं. माझ्यापुढे नुसतं एक फूल ठेवलं. पूजा झाल्यावर सुमेधानं फोन केला. नंतर मास्क लावलेला संग्रहालयाचा माणूस आला. चमकतं टोक पाहून तो हळहळला, पण रागावला नाही.

आता दोन हजार एकवीस उजाडलंय. मी संग्रहालयाच्या एका खणात मऊ फोमवर पडून आहे. माझं घासलेलं टोक अजून चमकतं, पण त्यात माझं काहीच शिल्लक नाही. हिरव्या अंगात तळं आहे, खाचेत धनी आहे. मित्रांनो, जुनी वस्तू सापडली तर चिंच शोधण्याआधी जाणत्याला विचारा. मायेनं घासलं तरी गेलेलं परत येत नाही. आणि हातभर अंतरावर लढून कुणी घरी आलं, तर त्याला लगेच चमकायला सांगू नका. आधी त्याला निजू द्या.